धुळीचा दाखला

यंत्राचं म्हणणं असं होतं, की त्या एका संध्याकाळी सुवर्णा कोळेकर म्हसवड रस्त्यावर, ओढ्याच्या वळणावर, तीन वयांची होऊन हजर होती. चार वर्षांची, नऊ वर्षांची आणि सोळा वर्षांची.

“आणि त्या दिवशी तुमचं खरं वय किती होतं?” फौजदार नसीमा मुजावर यांनी विचारलं.

“बावीस. पण मॅडम, मी तिथं नव्हतेच. मी पुण्याला होते.”

“तेच तर म्हणतेय. बावीस वर्षांच्या बाईचा एक कण तिथं नाही. असता तर माझं काम सोपं होतं. तुम्हाला चहा पाजायचा की आत घालायचं, एवढंच ठरवायचं होतं.”

मॅडम हसल्या. सुवर्णाला हसू आलं नाही. सकाळच्या एसटीनं ती जिल्ह्याच्या पडताळणी केंद्रात आली होती ती फक्त एक कागद न्यायला. नॉर्वेच्या पार वरच्या टोकाला, समुद्राकाठच्या एका गावात, गणित शिकवायला माणूस हवं होतं. तीन मुलाखती झाल्या होत्या. पडद्यावरून पाठ घेऊन दाखवला होता, तिथल्या पोरांनी टाळ्याही वाजवल्या होत्या. इकडं तिची शाळा उन्हाळ्यानंतर बंद होणार होती. सात पोरं उरली होती, ती तालुक्याच्या शाळेत जाणार होती, आणि कंत्राटी बाईंनी कुठं जायचं ते कोणी सांगत नव्हतं. व्हिसाचं सगळं झालं होतं. अडलं होतं ते चारित्र्य पडताळणीच्या दाखल्यावर.

पूर्वी हा दाखला म्हणजे गल्लीत दोघांना विचारायचं, ठाण्याची वही चाळायची आणि शिक्का मारायचा. धूळ वाचता यायला लागली आणि ते दिवस संपले.

माणूस जिथं बसतो, निजतो, चालतो तिथं थोडा थोडा झडत असतो. डोळ्याला न दिसणारे कातडीचे कण, दिवसाला लाखांनी. बाभळीखाली पिवळी फुलं नकळत पडून असावीत तसे. त्या प्रत्येक कणात त्या माणसाचा डीएनए असतो, हे जुनंच ज्ञान. नवं जे आलं ते असं, की चिमूटभर धुळीतला कण न् कण सुटा करून वाचणारं यंत्र निघालं. शंभर माणसांची धूळ एकात एक मिसळलेली असली तरी ते शंभर माणसं वेगळी काढून दाखवी. शिवाय डीएनएवर वयाबरोबर काही रासायनिक खुणा चढत जातात, काही उतरत जातात, हंड्याच्या बुडाला वर्षानुवर्षं पाण्याचा क्षार धरावा तशा. कण अंगावरून गळला की त्या खुणा तिथंच थांबतात. त्यामुळं यंत्र नुसतं कोण एवढंच सांगत नाही. हा कण गळला त्या दिवशी तो माणूस किती वर्षांचा होता तेही सांगतं, चार-सहा महिन्यांच्या फरकानं.

मग पोलिसांनी मुद्देमालाच्या खोल्या उघडल्या. पुड्यांत बांधून ठेवलेल्या जुन्या वस्तू झटकल्या, त्यांची धूळ वाचली, आणि राज्याचा धूलिकोश तयार झाला. पाठोपाठ कायदा आला. मुलांपुढं उभं राहणाऱ्या प्रत्येकानं, मग तो शिक्षक असो की शाळेच्या गाडीचा चालक, लाळेचा नमुना द्यायचा. तो कोशाशी ताडून बघायचा. कुठंच जुळला नाही तर ‘निष्कलंक’. जुळला, तर अर्जाच्या चौदाव्या रकान्यात स्वतःच्या हातानं खुलासा लिहायचा. हातानं अशासाठी, की आवाज आणि चित्रं आता कोणाचीही कोणीही बनवत होतं.

“लॅबवाल्यांनी शेरा मारलाय, विसंगत,” मुजावर मॅडम म्हणाल्या. “एका जागी एका बाईची तीन वयं कशी, त्यांना कळेना. यंत्र बिघडलं म्हणून दोनदा तपासलं. शहरातली पोरं आहेत ती. मी मिरजेच्या पलीकडची. माझ्या नानीनं असल्या वीस तरी शिवल्या असतील.”

त्यांनी पडदा तिच्याकडं वळवला.

पडद्यावर वाकळ होती. जुनी लुगडी, साड्या, पोरांचे विटलेले कपडे थरावर थर टाकून धावदोऱ्यानं शिवलेली. एका कोपऱ्यात पिवळा फ्रॉक, त्यावर बदकं. मधोमध निळ्या चौकडीचा शाळेचा गणवेश. आणि कडेनं फिरवलेली डाळिंबी साडीची पट्टी. ती साडी सुवर्णा एकदाच नेसली होती, दहावीच्या निरोप समारंभाला. अठराव्या वर्षी ती वसतिगृहात राहायला गेली तेव्हा आईनं तिचे मागे राहिलेले कपडे काढले आणि दादाच्या पिकअपसाठी ही वाकळ शिवली. ‘रातचं गाडी चालवतोय, लेकरू गारठतंय,’ असं म्हणत. सुवर्णा स्वतः या वाकळेत एकदाही झोपली नव्हती.



“मयत विष्णू लिगाडे,” मॅडम कागद न बघता सांगू लागल्या. “वायरमन. बारा वर्षांपूर्वी, जानेवारीत, संध्याकाळी सातच्या सुमारास सायकलवरून घरी निघाला होता. गाडीची धडक. गाडी सापडली नाही, साक्षीदार नाही. नऊला एका एसटीच्या उजेडात दिसला, तेव्हा जीव जाऊन थोडाच वेळ झाला होता. डॉक्टरांनी लिहिलंय, धडकेनंतर दोन तास जिवंत होता. आणि वाकळ दोन्ही बाजूंनी अंगाखाली खोचलेली. गळ्यापर्यंत ओढलेली.” त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. “ज्यानं केलं त्यानं ती नुसती टाकली नव्हती, बाई. पांघरली होती.”

सुवर्णा पडद्यावरच्या पिवळ्या फ्रॉककडं बघत होती.

“वरच्या थरात एका पुरुषाची धूळ आहे, अठ्ठावीस वर्षांच्या. तुमच्या नमुन्याशी सख्ख्या भावासारखी जुळते. तुम्हाला भाऊ आहे का, हे मी विचारत नाही. मला विचारताच येत नाही. बहिणीच्या लाळेवरून भावाच्या दारात जायचं नाही, असं कोर्टानं ठरवून दिलंय. माणसानं तोंडानं सांगावं लागतं, लिहून द्यावं लागतं.”

“म्हणजे मी लिहिलं तरच.”

“पंधरा दिवस आहेत.”

“आणि नाही लिहिलं तर?”

“तर अनिर्णित. व्हिसा नाही. आणि इथंही वर्गात पाय टाकता येणार नाही तुम्हाला. घरी शिकवणीसुद्धा नाही.” मॅडमनी पडदा बंद केला. “चहा घेता का? आता खरंच विचारते.”

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून ती एकच सकाळ पुन्हा पुन्हा बघत राहिली.

शिक्षक भरतीची कागदपत्रं तपासायची होती. ती आदल्या दिवशीच पुण्याला गेली होती आणि मूळ दाखले घरी, आईच्या पत्र्याच्या पेटीत, राहिले होते. सकाळी दहाच्या आत कागद दाखवले नाहीत तर नाव यादीतून गळणार होतं. तिनं रडत फोन केला. दादा म्हणाला, “रडू नगंस. डाळिंब भरून निघालोच हाय, पाकीट संगं घेतो.” सकाळी सातला तो कचेरीच्या फाटकाशी उभा होता. पाकीट छातीशी धरलेलं, ओठ निळे पडलेले. तिनं विचारलं, “वाकळ कुठाय रे?” तो म्हणाला, “पडली वाटंत कुठंतरी.” आणि ती चिडली होती! आईनं महिनाभर बसून शिवलेली, तुझं लक्ष कुठं असतं म्हणून. तो तिच्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, “जा, उशीर हुईल.”

त्याच महिन्यात त्यानं पिकअप विकली. पुन्हा कधी गाडीच्या चाकाला हात लावला नाही. दूध संकलनाच्या केंद्रावर कामाला लागला, शेळ्या घेतल्या. लग्नाचा विषय निघाला की उठून शेळ्यांकडं जायचा. सगळे म्हणायचे, बाप लवकर गेला, पोर अकाली पोक्त झालं.

ती घरी पोचली तेव्हा ऊन कललं होतं. बिरूदादा गोठ्यात लिंबाच्या डहाळ्या बांधत होता.

“आलीस? मिळाला का दाखला? मी सरपंचाला सांगून ठेवलंय, आमच्या मास्तरणीला हलगी लावून धाडायचं. इमानतळापतोर.”

“दादा, वाकळ सापडली.”

“कंची?”

“तुझ्या गाडीतली.”

तो गाठ मारत होता. गाठ बसेना. त्यानं ती सोडली, पुन्हा घातली, पुन्हा सुटली. मग डहाळी हातातच धरून तो खाली बसला. शेळी येऊन त्याच्या हातातला पाला ओढू लागली तरी त्यानं ओढू दिला.

“किती वाजता गेला त्यो?” त्यानं विचारलं.

“नऊला.”

“मी सातला व्हतो तितं.” त्यानं डहाळी सोडून दिली. “मला वाटलं व्हतं, मी वळलो आन् त्यो गेला. बारा वर्सं मी ह्याच भरवशावर जगतोय, सुवे. दोन तास?”

“गाडीत घालून नेला असतास तर—”

“म्हसवडला दवाखाना व्हता. ईस मिनटांवर. मला ठावं हाय. दवाखाना म्हंजी पोलीस, पोलीस म्हंजी गाडी अडकली. तुझं पाकीट शिटावर व्हतं.” मग तो घाईनं म्हणाला, “तुझ्यामुळं न्हवं हां. तसं मनात आणू नगंस. भ्यालो मी. पाकीट नसतं तरी भ्यालो असतो.”

तो खरं बोलतोय की तिला सोडवतोय, हे तिला कळलं नाही. त्यालाही कळत होतं की नाही कोण जाणे.

“लिही माझं नाव,” तो म्हणाला. “सुटंन मी एकदाचा.”

“कुणी कुणाचं नाव लिहायचं न्हाई.”

दारात आई उभी होती, तानूबाई. हातात शेणाची पाटी. किती वेळ उभी होती कोणास ठाऊक. तिनं पाटी खाली ठेवली, पदराला हात पुसले, आणि भाजीत मीठ किती घालायचं असं विचारावं तशा आवाजात विचारलं, “सुवे, त्या यंत्राला वय कळतंय म्हणतीस. त्या संक्रांतीला मीच ठिगळ लावलं व्हतं त्या वाकळंला. मग माझी बी धूळ असंल की वर. त्या सालाची.”

“असणार.”

“मग लिही. तानूबाई कोळेकर म्हसवडास्नं चालत येत व्हती, खांद्यावर वाकळ व्हती. माणूस पडल्याला दिसला. मेला आसंल म्हणून पांघरली, आन् भिऊन घरला आली. झालं.”

“आई, तो जिवंत होता.”

“मला काय ठावं? मी अडाणी बाई.” हे म्हणताना तिनं चेहरासुद्धा तसा करून दाखवला, ठाण्यात करायचा असतो तसा.

“आये, गप बस,” बिरू म्हणाला.

“तू गप. बारा वर्सं गप बसलास न्हवं? आजून पंधरा दिवस बस.”

त्यानं मान खाली घातली. आई सुवर्णाकडं वळली. तिचा आवाज जरा खाली आला.

“तुला जायाचं हाय. ह्याला ऱ्हायाचं हाय. मला काय, दोन शिव्या बसतील. बसतील तर बसूंद्यात.”

सुवर्णानं बारा दिवस काही लिहिलं नाही. शाळेत सात पोरांना अपूर्णांक शिकवले. एका भाकरीचे आठ भाग केले, तीन खाल्ले, मागं किती राहिले. पोरं ओरडली, “पाच!” आणि त्यातलं एक म्हणालं, “बाई, तुमच्या नार्वेत भाकरी असत्या का?” ती म्हणाली, असतील. उरलेले पाच भाग फळ्यावर नुसतेच काढलेले राहिले. सुट्टीची घंटा झाली तरी ती फळ्याकडं तोंड करून उभी होती.

दादाचं नाव मनात धरून ती दोनदा टेबलाशी बसली. दोन्ही वेळा पेन उचलून ठेवलं. काहीच न लिहिता कागद परत द्यावा असंही एकदा वाटलं. पण मग तिच्या डोळ्यापुढं दादा यायचा, फाटकाशी उभा, निळ्या ओठांचा. ज्याच्यासाठी हे सगळं झालं तेच सोडून द्यायचं म्हणजे मग झालं ते कशासाठी? असला प्रश्न माणसाला कुठंही नेऊ शकतो. तिला त्या प्रश्नानं तेराव्या दिवशी चौदाव्या रकान्यापाशी नेलं.

बाहेर अंगणात आई कोणाच्या तरी नातवाचं दुपटं शिवत होती. शिवताना तिच्या तोंडात ओवी असायचीच. कधी जुनी, कधी तिची तिनंच जुळवलेली.

टाक्यामागं टाका घाली, दोरा सरला सरला
माझ्या लेकराचा गारठा माझ्या पदरात उरला

सुवर्णाचं अक्षर फळ्यावरच्यासारखं होतं, गोल, सुटं, शिरोरेघ एका ओळीत. तिनं लिहिलं, की सदर वाकळ माझ्या आईच्या ताब्यात होती. संध्याकाळी सातच्या सुमारास आईनं ती रस्त्यात पडलेल्या इसमावर पांघरली. मला याची माहिती पूर्वी नव्हती. कुठंही खाडाखोड झाली नाही. खाली सही केली. आईचं प्रतिज्ञापत्र जोडलं, त्यावर अंगठा होता. आईला सही येत होती, पण ती म्हणाली, अंगठाच बरा दिसंल.

मुजावर मॅडमनी तो कागद सावकाश वाचला. मग आईच्या लाळेचा नमुना घेतला, आणि दोन दिवसांनी सुवर्णाला पुन्हा बोलावलं.

“यंत्राला पटतंय,” त्या म्हणाल्या. “एक्कावन्न वर्षांच्या बाईची धूळ वरच्या थरात आहे. ताजी, त्याच सुमाराची. यंत्र वय सांगतं. वाट सांगत नाही.”

त्यांनी सुवर्णाकडं पाहिलं. सुवर्णानं टेबलावरच्या पेनकडं पाहिलं.

“आईंना समज देऊन सोडतील. वय झालंय, जुनी गोष्ट आहे. तुमचा दाखला आठवड्यात निघेल.” मॅडमनी शिक्का मारला. “आणि एक. खुलाशाची प्रत लिगाडेंच्या घरी जाते, तसा नियम आहे. त्यांची बायको दर जानेवारीत इथं येते, काही कळलं का विचारायला. मी दरवर्षी चहा मागवते आणि नाही म्हणते. आता तिला सांगायला काहीतरी झालं.”

दाखला आला. हिरव्या कडेचा, मधे मोठ्या अक्षरात ‘निष्कलंक’. बिरूनं तो फोनवर दोनदा बघितला आणि फोन परत दिला. हलगीचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

विमान परवा होतं. दुपारी चारचा सुमार. बिरूनं दूध केंद्रावरचा ताणकाटा आणला होता आणि सुवर्णाची बॅग त्याला टांगून वजन करत होता.

“चोवीस. येक किलो जास्ती. पुस्तकं काढ नायतर चटणी काढ.”

“चटणी काढायची न्हाई,” आई आतून म्हणाली. “पुस्तकं तितं बी मिळत्यात.”

तिघंही हसली. बऱ्याच दिवसांनी. आणि हसणं अजून तोंडावर होतं तोवर दारातून आवाज आला, “तानूबाई कोळेकरांचं घर ह्येच का?”

पन्नाशी उलटलेली बाई होती. डोक्यावर नीट पदर, हातात कापडी पिशवी, पायांवर रस्त्याची माती.

“मी शालन. लिगाड्यांची. शेरेवस्तीवरनं आले.”

कोणी हललं नाही. मग आईनंच पुढं होऊन घोंगडं अंथरलं, तांब्या भरून आणला. शालननं पाणी पिऊन तांब्या हळूच बाजूला ठेवला. पिशवीतून खुलाशाची प्रत काढली आणि मांडीवर धरली.

“भांडाय न्हाई आले, आक्का. तुमी उगा घाबरू नगा. मला बारा वर्सं एवढंच ठावं व्हतं, का कुणीतरी पांघरून घातलं व्हतं. गाडीवाल्याला मी लई शिव्या दिल्या. पर रातीला पडलं का वाटायचं, हाय कुणीतरी मायेचं. त्यानं झाकलं माझ्या माणसाला. त्याचं तोंड बघावं एकदा. म्हणून आले.”

आईनं मान हलवली. तिचे हात मांडीवर एकमेकांना धरून बसले होते.

“एकच इचारायचं व्हतं,” शालन म्हणाली. “बोलला का काय?”

“न्हाय गं बाय. गेल्यालाच व्हता.”

“न्हाय आक्का. डाक्टरनं लिवलंय, नऊपतोर व्हता. आन् ह्यात तुमी सातला घातली म्हणून लिवलंय. म्हंजी व्हता की. त्यो गप ऱ्हाणारा न्हवता वो. झोपंत सुदीक बोलायचा. काहीतरी बोलला असंल. आठवा की.”

आईनं सुवर्णाकडं बघितलं. असलं काही कागदात नव्हतं. हे ठरलं नव्हतं.

“पाणी... पाणी म्हणला,” आई म्हणाली.

“मग पाजलंत?”

“माझ्यापाशी कुठलं पाणी?”

शालन तिच्याकडं बघत राहिली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं न कळणं होतं.

“वढा व्हता की, आक्का. जानेवारीत वढ्याला गुडघाभर पाणी असतंय. हाताच्या अंतरावर. पदर भिजवून पिळला असता तरी...” मांडीवरचा कागद तिनं उगाच सरळ केला. “तान्हेला गेला म्हना की.”

आईचं तोंड उघडं राहिलं. दोन शिव्या बसतील म्हणून तिनं तयारी केली होती. ही तयारी तिच्यापाशी नव्हती.

“पाणी न्हाई मागितलं.”

बिरू भिंतीशी उभा होता, ताणकाटा अजून हातात. सगळ्यांनी तिकडं बघितलं.

“बिरू!” आई म्हणाली.

“काकी, पाणी न्हाई मागितलं त्यांनी. तान्हेले न्हाई गेले. ते तुमी मनात धरू नगा.” तो पुढं येऊन खाली, मातीतच, बसला. “मी खांद्याखाली हात घातला तवा डोळं उघडलं. मला इचारलं, लाईट आली का गावात?”

शालनच्या हातातला कागद थांबला.

“फाल्ट काढाय गेला व्हता,” ती पुटपुटली. “तीन दीस गाव अंधारात व्हतं.”

“मला ठावं न्हवतं. मला वाटलं भ्रमात बोलत्यात.”

“आन् तुमी काय म्हणला?”

“आली म्हणलो. खोटंच. समोर सगळं काळंमिट्ट व्हतं.” बिरूनं ताणकाटा मांडीवर ठेवला. “मग म्हणले, बरं झालं. आन् डोळं मिटलं. मला वाटलं, गेले. मी वाकळ घातली आन् निघालो.”

गोठ्यात शेळी ओरडली. शालन कुठंतरी लांब बघत होती, त्या अंगणाच्या पार पलीकडं.

“आली व्हती,” ती शेवटी म्हणाली. “साडेसातला आली. मी चुलीपाशी भाकरी थापत व्हते, एकदम लख्ख झालं. पोरं वराडली. वळणावरनं आमची वस्ती समोर दिसती.” तिनं पदर तोंडाशी नेला. “म्हंजी बघितली असंल त्यानं. नऊपतोर व्हता ना. बघितलीच असंल.”

मग तिनं बिरूकडं मान वळवली. त्याचा चेहरा ती निरखून पाहत राहिली. हाच चेहरा बघायला ती आली होती, आणि याच चेहऱ्याला तिनं बारा वर्षं शिव्या दिल्या होत्या.

“गाडी तुमची व्हती?”

“व्हय.”

“मग ह्यो कागद खोटा हाय.”

“व्हय.”

तिनं त्या कागदाची घडी घातली, पुन्हा घडी घातली, आणि पिशवीत ठेवली. गुडघ्यावर हात टेकून उठली.

“चला बाबा,” ती म्हणाली. “फौजदारीण बाई सहापतोर असत्यात. पाचची यष्टी हाय.”

बिरू उठला. ताणकाटा त्यानं बॅगेवर ठेवला, पायात वहाणा घातल्या. आईनं त्याची बाही धरली. तो थांबला, पण वळला नाही.

“सुवे! आगं आडव की त्याला! परवाचं इमान हाय तुझं. तू सांगितलंस तर ऐकंल त्यो. आजवर तुझं कंदी मोडलंय का त्यानं? बोल की!”

ते खरं होतं. ती एक शब्द बोलली असती तर तो थांबला असता. शालनही कदाचित थांबली असती. ती आता दारात पाठमोरी उभी होती, घाई न करता, जणू हा शब्द येतो की काय ते बघत. सुवर्णाला तिच्या पदरावरची रस्त्याची धूळ दिसली. घरी परत जाताना ती बाई हीच धूळ घेऊन जाणार होती, आणि सोबत खरं नाहीतर खोटं, कुठलं तरी एक उत्तर.

सुवर्णानं आईची बोटं एक एक करून दादाच्या बाहीवरून सोडवली. मग स्वतःच्या चपला शोधल्या.

“आगं, तू कशाला चाललीस?”

“सही माझी हाय, आई.”